घसरगुंडी तपासणाऱ्या सिस्टर

आमच्या बागेतली घसरगुंडी रोज सकाळी तपासली जाते. जाधव सिस्टर येतात, पिशवी बाकावर ठेवतात आणि उजवा हात उलटा करून घसरगुंडीच्या पत्र्याला लावतात. आधी वरच्या टोकाला, मग मध्ये, मग खाली जिथे मुलं येऊन आपटतात तिथे. डोळे मिटलेले. मग निकाल देतात. "नॉर्मल आहे." तासाभराने पुन्हा हात. "कणकण वाटतेय." ऊन डोक्यावर यायला लागलं की तिसऱ्यांदा हात, आणि मग बागेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ताप चढला! उतरा सगळे. पेशंटला विश्रांती."

एवढं बोलून त्या पत्र्यावर ओलं गोणपाट पसरतात आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी स्वतः बसतात. छत्री उघडून. वरून कोणी घसरलाच तर सरळ सिस्टरांच्या पाठीवर येणार, म्हणून कोणी घसरत नाही.

मी एकदा विचारलं, "उलटा हात कशाला? तळहात लावा की."

"परब, तळहात भांडी घासून राठ होतो. त्याला तापातलं काही कळत नाही. उलटा हात खोटं बोलत नाही."

सिस्टर सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी करून रिटायर झाल्या. आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. खोलीत बुद्धाची मूर्ती, गिरणीत कामाला असलेल्या नवऱ्याचा फोटो आणि पाण्याचे माठ. एक प्यायचा, बाकीचे बागेतल्या मुलांचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मिलिंद शिकला, मोठ्या कंपनीत लागला आणि करी रोडच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहायला गेला. टॉवर आमच्या गॅलरीतून दिसतो. बागेतून तर मान मोडेपर्यंत दिसतो.

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझं लालबागला ताडपत्रीचं आणि मांडवाच्या कापडाचं दुकान आहे. मालवणहून आलो तेव्हा हिंदमाताच्या फुटपाथवर प्लास्टिक विकायचो. तिथे पाणी भरलं की माझा धंदा भरायचा. दुकान कोणी दिलं नाही, मी केलं. भाव करताना मी बापाला सोडत नाही आणि माप घेताना बोटभर चुकत नाही. डोकं लवकर तापतं, हे खरं आहे. पण उगाच तापत नाही. आणि जाधव सिस्टरांवर माझा राग आहे, तोही उगाच नाही. तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पूर्वी ही बाग दुपारी बंद असायची. मग ती नवी केली. जुनी झाडं अडचणीची होती, ती गेली. रंगीत रबराची जमीन आली, स्टीलची घसरगुंडी आली, आणि दिवसभर बाग उघडी ठेवायचं ठरलं. सावलीचं काय, असं लोकांनी विचारल्यावर सावलीचं काम निघालं. त्या कामासाठी मीही भाव दिला होता. मला मिळालं नाही. ज्याला मिळालं त्याने लोखंडी छत्र्या उभ्या केल्या, देखण्या, कमळासारख्या. भर दुपारी त्यांची सावली पडते ती बरोबर हिरवळीवर. आणि हिरवळीवर पाय ठेवायला मनाई आहे. म्हणजे सावली आहे, पण कुंपणापलीकडे. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या छत्रीच्या खांबाला लाथ मारली. पाय सुजला. सिस्टरांनीच पट्टी बांधली.

"खांबाला काय लागलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र दोन दिवस दुकानात बसून राहा."

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांची नात ओवी सुट्टीला त्यांच्याकडे राहिली होती. सकाळी उशिरा, ऊन चढल्यावर दोघी बागेत गेल्या. पोरगी घसरगुंडीवर चढली, फ्रॉक वर सरकला आणि ती तापलेल्या पत्र्यावरून खाली आली. मांड्यांना मागून फोड आले. त्याच दुपारी मिलिंद येऊन तिला घेऊन गेला. आवाज चढवला नाही त्याने. चांगला मुलगा आहे. जाताना एवढंच म्हणाला, "आई, तिथे सावली झाली की पाठवतो हां."

मला वाटतं तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. पण सिस्टरांनी ते डॉक्टरने लिहून द्यावं तसं घेतलं. त्या दिवसापासून घसरगुंडीची तपासणी सुरू झाली.

एकदा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना त्या आपणहून बोलल्या. माझ्याकडे न बघता. "आयुष्यभर लोकांच्या पोरांना हात लावून बघितलं, परब. स्वतःच्या नातीला बसवायच्या आधी तेवढा हात लावला नाही."

मी माझी लुंगी काढली दोरीवरून आणि आत गेलो.

या वर्षी सुट्टी लागायच्या आधीच त्यांनी सावलीचं काम हातात घेतलं. आपल्या चाळीत घरातले कपडे छताजवळच्या बांबूवर वाळत घालतात आणि लांब काठीने चढवतात, उतरवतात. तीच काठी घेऊन त्या बागेत गेल्या. झोपाळ्याच्या खांबापासून घसरगुंडीच्या कठड्यापर्यंत दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर नोकरीतल्या पांढऱ्या साड्या पसरल्या. इतकी वर्षं घड्या घालून ट्रंकेत ठेवलेल्या. वर माठातलं पाणी शिंपडलं, म्हणजे खाली गार राहील.

वॉचमन यादव धावत आला. "ओ सिस्टर! इधर कपडे वाळत घालायला मनाई है. बोर्ड पे लिखा आहे."

"वाळत कुठे घालतेय? वाळू नयेत म्हणून तर पाणी मारतेय."

यादव विचारात पडला. बोर्डावर ओले ठेवायला मनाई आहे असं लिहिलेलं नव्हतं. तो पुन्हा गेटवर जाऊन बोर्ड वाचून आला, आणि मग त्याने स्टूल सावलीत आणून ठेवलं.

आठवडाभर चाललं. मग उद्यानाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी साड्या बघितल्या आणि माळ्याकरवी उतरवायला लावल्या. एक साडी खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. सिस्टरांनी साड्या गोळा केल्या, त्या फाटलेलीची घडी सगळ्यांत शेवटी घातली.

मी दुकानात जायला निघालो होतो, गेटवरून हे बघितलं. माझं डोकं फिरलं. आत गेलो आणि साहेबांना म्हणालो, "तुमच्या लोखंडी छत्र्यांखाली उभे राहून दाखवा. आत्ता. भर उन्हात."

"हिरवळीवर जाता येत नाही," साहेब म्हणाले.

"तेच म्हणतोय मी!"

ते म्हणाले, कायमचं बांधकाम चालणार नाही. मी म्हणालो, मांडवाला कोण कायमचं म्हणतं? ते म्हणाले, झाडाला दोर बांधायचा नाही. मी म्हणालो, झाड दाखवा. ते म्हणाले, खिळा ठोकायचा नाही. मी म्हणालो, मांडववाल्याला खिळ्याचं काय सांगता, आम्ही सुतळीत जन्म काढलाय. ते दोन पावलं मागे गेले, मी एक पाऊल पुढे गेलो. मग मी थोडा नरम झालो, कारण भाव करताना शेवटी समोरच्याला काहीतरी जिंकू द्यावं लागतं. ठरलं ते असं: ऊन चढलं की कापड बांधायचं, बाग संध्याकाळी गजबजायच्या आत उतरवायचं, रोज. एक दिवस जरी रात्रभर राहिलं तर परवानगी संपली.

"रोज कोण चढवणार नि उतरवणार?" साहेबांनी विचारलं.

सिस्टरांनी काठी जमिनीवर आपटली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. भांडण पुढे झालं.

मी त्यांना माझी निळी ताडपत्री देऊ केली. फुकट. मी कोणाला काही फुकट देत नाही, हे लालबागमध्ये कोणालाही विचारा. सिस्टरांनी ताडपत्री उन्हात धरली, खाली आपला हात ठेवला आणि नाक मुरडलं.

"नको. निळ्या उजेडात पोरांचे ओठ निळे दिसतात. खरोखर निळे पडले तर मला कळणार कसं?"

"मग हिरवी जाळी?"

"सगळी काविळीतून उठल्यासारखी दिसतील. पांढरं द्या."

"पांढरं मळतं!"

"मी धुते."

पांढरा मांजरपाट काढला, दुहेरी शिवून घेतला, कडांना दोर घातला. चांगल्यातला माल. एकच अट घातली, कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवणार. सिस्टर म्हणाल्या, "रंगवा की."

पहिल्या दिवशी मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून बागेत गेलो. कापड ताणलेलं. खाली मुलं. मी मान वर केली. नाव दिसेना. सगळे कोपरे बघितले. मग उजेडात उलटी अक्षरं अंधुक दिसली. नाव वरच्या बाजूला होतं!

"सिस्टर, हे उलटं लागलंय!"

"बरोबर लागलंय. नाव खाली असलं की पोरं घसरगुंडीवर उताणी पडून वाचत बसणार. रांग अडेल."

"मग माझं नाव वाचणार कोण? कावळे?"

"सूर्य वाचेल. त्यालाही कळू दे कोणी अडवलंय ते."

पोरं हसली. यादव स्टुलावरून हसला. मी आठ दिवस सिस्टरांशी बोललो नाही. नवव्या दिवशी गेलो तर आणखी वाईट. माझ्या कोऱ्या कापडाला ठिगळ! चांगलं परातीपेक्षा मोठं, गोल, आणि त्याच्या कडेने आणखी चार-पाच छोटी ठिगळं. हिरव्या जुन्या साडीची. खालून नुसते काळपट डाग दिसत होते.

"फाटलं?" मी ओरडलो. "महिना नाही झाला!"

"फाटलं नाही."

"मग ठिगळ कशाला?"

"असू दे."

"आणि हिरवं? तुम्हाला हिरवं चालत नव्हतं ना?"

"मुलांवर नाही येत ते. माझ्या बाकावर येतं. माझे ओठ कोण बघतंय?"

खरंच, ठिगळाची सावली बरोबर त्यांच्या बाकावर पडत होती. रोज कापड चढवताना त्या तेवढ्यासाठी काठीने ओढून ओढून ते बाकावर आणायच्या. मी मनात म्हटलं, म्हातारीला स्वतःसाठी जास्त दाट सावली हवी, सरळ सांगायचं की. माझ्या मालावर कात्री आणि सुई चालवायची काय गरज? हा माझा राग. रास्त आहे की नाही तुम्हीच सांगा.

सावली झाली. मुलांची गर्दी वाढली. सातरस्त्यापासून आया मुलं घेऊन यायला लागल्या. सिस्टर घसरगुंडीला हात लावून "नॉर्मल, नॉर्मल" म्हणायच्या आणि मुलांना माठातलं पाणी पाजायच्या. फक्त ओवी आली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिचा पोहण्याचा क्लास आहे." पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाल्या, "हवा बरी नाही ना सध्या." मग मी विचारणं बंद केलं.

"तुम्ही जा की तिकडे," मी म्हणालो.

"जाते ना. गेटवर विचारतात कोणाकडे. मुलाकडे म्हटलं की वर फोन लावतात. वर कोणी फोन उचलेपर्यंत मी तिथे खुर्चीवर बसते. ए.सी. छान आहे तिथला." एवढं बोलून त्यांनी एका पोराला हाक मारली, "ए, टोपी घाल! डोकं आहे की तवा?"

मेच्या शेवटी मिलिंदचा मला फोन आला. "परबकाका, आमच्या गॅलरीला पडदा करायचाय. जाड कापडाचा, वरून खाली येणारा. दुपारी नुसती आग होते. ओवी त्या काचेलाच चिकटून बसते, मग डोकं दुखतं तिचं."

मी टेप घेऊन गेलो. मलाही गेटवर विचारलं कोणाकडे. वर मिलिंदने पाणी दिलं, "काका, बसा" म्हणाला. मी सरळ गॅलरीत गेलो. काचेच्या कठड्याशी, जमिनीवर, मांडी घालून ओवी बसली होती. वर्षभरात उंच झालेली. नाक काचेला लावलेलं.

"काय गो बाय, काय बघतेस?"

"कासव."

मी खाली बघितलं. एवढ्या उंचावरून लालबाग कधी बघितलं नव्हतं. पत्रे, टाक्या, गाड्या, आणि मध्ये आमची बाग, हातरुमालाएवढी. लोखंडी छत्र्या रिकाम्या हिरवळीवर उभ्या. त्यांच्या शेजारी पांढरं कापड, आणि पांढऱ्यावर हिरवं कासव. गोल पाठ, चार पाय, एक डोकं. डोकं टॉवरच्या बाजूला.

"आजी कासवाच्या खाली बसते," ओवी म्हणाली. "दिसत नाही, पण असते. कासव जायच्या वेळी ती बाहेर येऊन काठी हलवते."

"कोणी सांगितलं?"

"आजीने फोनवर. मी पण हात हलवते. तिला नाही दिसत. तरी हलवते." मग तिने काचेवर बोट ठेवलं. "आणि तिथे लिहिलंय, प-र-ब. परब कोण?"

मला खोकला आला. मिलिंद मागे येऊन उभा होता.

"आईकडे पाठव ना हिला," मी म्हणालो. "सावली झाली आता. मी स्वतः कापड दिलंय."

"हो काका, पाठवायचंच आहे." त्याने खाली बघितलं. कासव त्याला दिसलं असावं, कारण त्याने ओवीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची आई अजून घाबरते. मागच्या वेळचं... बघू. पुढच्या सुट्टीत नक्की."

मी माप घेतलं. छतापासून जमिनीपर्यंत.

खाली उतरलो तो थेट बागेत. सिस्टर कासवाच्या सावलीत बसल्या होत्या. मी ठिगळाबद्दल काही बोललो नाही. पडद्याचं तेवढं सांगितलं. त्यांचा छत्री गुंडाळणारा हात थांबला.

"वरपासून खालपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"तसंच सांगितलंय."

त्या उठल्या, घसरगुंडीपाशी गेल्या, हात उचलला आणि न लावताच परत आल्या.

"बरोबर आहे मिलिंदचं," त्या म्हणाल्या. "काचेतून ऊन जास्त लागतं. पूर्ण लावा, परब. चांगलं जाड कापड घाला. पोरीला ऊन लागायला नको."

"लावतो," मी म्हणालो.

दुसऱ्याच आठवड्यात पडदा बसवला. जाड, दुहेरी, चांगल्यातला. खाली सोडला तेव्हा तो जमिनीपासून एक लहान पोर मांडी घालून बसेल एवढा वरच थांबला.

मिलिंद वाकून बघायला लागला. "काका, खालून आखूड पडला का?"

"पडला," मी म्हणालो. "मापात चूक झाली. वय झालं आता."

"वाढवून मिळेल?"

"त्या रंगाचं कापड संपलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून मला ओळखतो तो. मग पडद्याखाली बसलेल्या ओवीकडे बघितलं. डोकं सावलीत, पायावर उन्हाची पट्टी. "राहू दे मग," तो म्हणाला. "बरा दिसतोय."

बागेत पोचलो तेव्हा कापड उतरवायची वेळ झाली होती. मुलं पांगत होती. सिस्टरांनी काठी हातात घेतली होती, पण कापडाला लावली नव्हती. टॉवरच्या काचा उन्हाने पेटल्या होत्या, नुसतं बघवत नव्हतं. तिथे कोण आहे, कोण नाही, खालून काहीच दिसत नाही.

"झाला पडदा?" त्यांनी वर बघतच विचारलं.

"झाला. जरा खालून आखूड पडला."

त्या माझ्याकडे वळल्या. "किती?"

मी हाताने जमिनीपासून उंची दाखवली. बसलेल्या पोराएवढी.

"तुमचं माप चुकलं, परब? तुमचं?"

"चुकलं. माणूस आहे मी."

त्या जवळ आल्या. उजवा हात उलटा केला आणि माझ्या कपाळाला लावला. डोळे मिटले. यादव स्टुलावरून बघत होता, मला लाज वाटली, पण मी हललो नाही. हात गार होता, माठाच्या पाण्याने ओला.

"ताप नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कापडाबाहेर येऊन काठी दोन्ही हातांनी उंच धरली आणि हलवली. बराच वेळ.